शिवराम कारंत : इतिहासदृष्टी आणि रंगशिक्षण

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे गड, दरबार आणि रणांगण उभे राहते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’पासून रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’पर्यंत (१९६२) या प्रकाराची जी परंपरा घडली, तिने ही अपेक्षा दृढ केली आहे. या कसोटीने कन्नड साहित्यिक शिवराम कारंत (१९०२–१९९७) यांस ऐतिहासिक कादंबरीकार म्हणणे धाडसाचे वाटेल. त्यांच्या प्रमुख कादंबऱ्यांत राजा नाही आणि लढाईही नाही. तथापि गतकाळ मनुष्याच्या प्रत्ययास कसा येतो, हा प्रश्न ज्या भारतीय कादंबरीकारांनी चिकाटीने हाताळला, त्यांत कारंतांचे स्थान वरचे आहे. या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर नीट समजावयाचे तर त्यांच्या दुसऱ्या जीवितकार्याकडे, मुलांच्या व नटांच्या कलाशिक्षणाकडे, वळणे प्राप्त आहे.

‘मरळि मण्णिगे’ या कादंबरीत दक्षिण कन्नड किनाऱ्यावरील एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्या येतात. राम ऐताळ भिक्षुकी करतो. घरातील स्त्रिया शेतात राबतात. मुलगा लच्च इंग्रजी शिक्षण घेतो आणि घराची धूळधाण करतो. नातू राम शहरे पालथी घालून अखेर मातीकडे परततो. इंग्रजी राज्य, नवे शिक्षण, गांधीजींचे आंदोलन या घटना येथे मथळे होऊन येत नाहीत. त्या घरातील कर्जातून, सुनेच्या एकाकीपणातून आणि पडीक शेतातून कळतात. इतिहास हा येथे कथेचा विषय नव्हे. तो तिच्या अंगी मुरलेला आहे.

‘मूकज्जिय कनसुगळु’ (१९६८) या कादंबरीत हीच दृष्टी अधिक धीट रूप घेते. बालपणीच वैधव्य आलेली एक वृद्धा आणि तिचा जिज्ञासू नातू सुब्बराय ही तिची प्रमुख पात्रे. गुहेत सापडलेले प्राचीन अवशेष नातू आणतो. वस्तू हाती येताच आजीला त्या काळातील माणसे दिसू लागतात. कारंतांना १९७७ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला तो या कृतीमुळे. आजीच्या या शक्तीला चमत्कार म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु ती इतिहासकल्पनेची एक रीतच होय: आधी वस्तूचा स्पर्श, मग दर्शन, आणि सर्वांत शेवटी मत. देव आणि काम यांविषयी आजी जे निर्भयपणे बोलते ते ग्रंथप्रामाण्यातून आलेले नाही, तर अशा पाहण्यातून आलेले आहे.

पुत्तूर येथील ‘बालवना’त कारंतांनी मुलांसाठी जे प्रयोग केले त्यांतही हाच क्रम आढळतो. पाठ्यपुस्तकाच्या घोकंपट्टीऐवजी गाणे, नाच, नाटक, चित्र यांतून मुलाची इंद्रिये जागी करावी, हा त्यांचा आग्रह होता. मुलाच्या हाती आधी अनुभव द्यावयाचा. अर्थ त्याचा त्याने लावावयाचा.

यक्षगानाच्या क्षेत्रात मात्र हे सूत्र तितके सरळ राहत नाही. ‘यक्षगान बयलाट’ या ग्रंथाबद्दल साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळविणाऱ्या या अभ्यासकाने जुनी वेषभूषा, नृत्य आणि रागपद्धती यांचा साक्षेपाने शोध घेतला, नटांना नव्याने शिकविले, रात्रभर चालणारा खेळ दोन-तीन तासांत आणला आणि व्हायोलिन व सॅक्सोफोन यांसारखी वाद्ये त्यात घेतली. याहून मोठा फेरफार म्हणजे नटाचे उत्स्फूर्त भाषण त्यांनी जवळजवळ काढून टाकले. कोकणातील दशावतारी खेळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या फेरफाराचे मोल सहज कळेल. तेथेही संवाद लिहिलेले नसतात. पुराणातले पात्र नटाच्या वाणीने त्या रात्री, त्या गावासाठी नव्याने बोलते.

येथे एक विसंगती जाणवते. ज्या कादंबरीकाराने मानवजातीचा इतिहास एका वृद्धेच्या तोंडी दिला, त्याच रंगशिक्षकाने नटाचे तोंड बंद करावे? कारंतांच्या बाजूने असे म्हणता येईल, की पांडित्यप्रदर्शनाच्या हव्यासाने लांबलेल्या भाषणांखाली नृत्य आणि गान गुदमरत होते. ते मोकळे करावयाचे तर काहीतरी छाटणे भागच होते. भाषा न जाणणाऱ्या प्रेक्षकापर्यंतही हा खेळ पोहोचला तो या छाटणीमुळे. हा युक्तिवाद खोटा नाही. पण अपुरा आहे. भाषण सैल झाले असेल तर त्याला वळण लावणे हेही शिक्षकाचेच काम. बालवनातील मुलाला स्वतःचा अर्थ लावण्याची जी मुभा होती, ती यक्षगानाच्या नटाला उरली नाही. तो दिग्दर्शकाच्या आकृतिबंधाचा एक रेखीव भाग झाला.

तरीही कारंतांना परंपराभंजक ठरविणे अन्यायाचे होईल. कादंबरीत काय किंवा रंगभूमीवर काय, जुन्याची पूजा करणे त्यांना मानवत नव्हते. जुने हातात घेऊन, चाचपून पाहावे आणि त्यातले जिवंत तेवढे ठेवावे, ही त्यांची वृत्ती होती. फरक एवढाच, की कादंबरीत हे चाचपणारे हात आजीचे आणि नातवाचे आहेत व वाचक त्यांच्याशी वाद घालू शकतो. यक्षगानात ते एकट्या कारंतांचे आहेत. म्हणून त्यांच्या रंगप्रयोगांबद्दल आदर वाटतो, परंतु इतिहासाची त्यांची खरी कार्यशाळा ‘मूकज्जी’च्या ओसरीवरच भरलेली दिसते. ऐतिहासिक कादंबरीची नवी वाट शोधू पाहणाऱ्या मराठी लेखकाने त्या ओसरीवर काही काळ अवश्य बसावे.