युद्धमृतांचे ऑनलाइन माहितीकोश आणि जुना चांदा जिल्हा : एक चिकित्सा

युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांचा शोध घेण्यासाठी पूर्वी अभ्यासकास लंडन अथवा दिल्ली येथील अभिलेखागारांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आज तोच शोध महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावर काही क्षणांत घेता येतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 1998 मध्ये आपली नोंदवही महाजालावर खुली केली. दोन महायुद्धांतील सुमारे 17 लक्ष मृतांचा हा माहितीकोश नाव, पलटण, सेवाक्रमांक, मृत्युदिनांक आणि स्मारक या पाच अंगांनी शोधता येतो. त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात तो वापरू जाता पहिलाच अनुभव निराशेचा येतो. ‘गडचिरोली’ या शब्दाने केलेला शोध बहुधा रिकामा परततो आणि या भागातून महायुद्धात कोणी गेलेच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष चुकीच्या प्रश्नातून आलेला असतो.

या प्रदेशाचा प्रशासकीय इतिहास येथे आधी ध्यानी घ्यावा लागतो. पहिल्या महायुद्धाच्या काळी आजचे दोन्ही जिल्हे मिळून मध्य प्रांतातील ‘चांदा’ हा एकच जिल्हा होता. गडचिरोली ही त्यातील तहसील 1905 मध्ये निर्माण झाली. चांद्याचे ‘चंद्रपूर’ झाले ते 1964 मध्ये, आणि स्वतंत्र गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी अस्तित्वात आला. राजुऱ्याची कथा याहून गुंतागुंतीची. ती तहसील निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होती. 1956 मध्ये नांदेडला जोडली गेली आणि 1959 मध्ये चांद्यात आली. सबब राजुऱ्याचा एखादा सैनिक नोंदीत असेल तर तो हैदराबाद संस्थानाखाली असेल, चांद्याखाली नव्हे. लिप्यंतराची अडचण निराळीच. इंग्रज अधिकाऱ्यांनी गडचिरोलीचे नाव कधी ‘गढचिरोली’, कधी ‘गरचिरोली’ असे उमटेल तसे लिहिले. त्यातच ‘चंदा’ हे पंजाबात पुरुषाचेही नाव असल्याने त्या शब्दाच्या शोधात जिल्ह्याऐवजी माणसेच हाती लागण्याचा संभव असतो.

गावाचे नाव योग्य रीतीने घातले तरी दुसरी भिंत उभी राहते. आयोगाच्या नोंदीत वडिलांचे नाव, गाव व जिल्हा ही माहिती ‘अधिक तपशील’ या रकान्यात येते आणि असंख्य भारतीय नोंदींत तो रकाना कोराच आहे. अशा वेळी उरते ते एकेरी नाव. रामा, गणपत, सखाराम या नावांचे शिपाई मराठा पलटणींत किती असतील याची कल्पनाच करावी. सेवाक्रमांक व पलटण यांच्या साहाय्यावाचून एकाचा मृत्यू दुसऱ्याच्या नावावर चढण्यास वेळ लागत नाही. कूट-अल-अमाराच्या वेढ्यात (डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916) 103, 110 व 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. शरणागतीनंतर बंदिवासातही अनेकांचे प्राण गेले. या मृतांचे स्मरण बसरा येथील स्मारकावर होते, आणि त्या स्मारकाची घडणच या विषयाचे मर्म उघड करते.

1929 मध्ये अनावरण झालेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या. अशा शिपायांची संख्या 30 हजारांहून अधिक आहे. तिकडे फ्रान्समधील नव शापेल येथे 1927 मध्ये उभारलेल्या स्मारकावर 4,700 हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आढळतात. म्हणजे एकाच सैन्यातील एकाच दर्जाचा शिपाई युरोपात मेला तर नावाने उरला आणि मेसोपोटेमियात मेला तर आकड्याने. आयोगाने नेमलेल्या समितीच्या एप्रिल 2021 च्या अहवालाने हा भेद उघडपणे मान्य केला. त्यानुसार प्रामुख्याने आफ्रिका व मध्यपूर्वेतील किमान 1 लाख 16 हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांचे स्मरण नावाने झाले नाही अथवा मुळीच झाले नाही. पखाली, खेचरवाले, हमाल, स्वयंपाकी असे जे बिनलढाऊ ‘अनुचर’ सैन्यासोबत गेले, त्यांच्या नोंदी सर्वांत विरळ. जंगलपट्टीतील निरक्षर माणूस अशा कामावर गेला असेल, तर त्याच्या बाबतीत माहितीकोशाचे मौन म्हणजे पुरावा मानता येत नाही.

पंजाबशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या गाववार नोंदवह्या उजेडात आल्या आणि 2021 पासून त्या महाजालावर येऊ लागल्या. त्यांत सुमारे 3 लाख 20 हजार सैनिकांची माहिती आहे. ज्या प्रांताने गाववार याद्या केल्या, तो प्रांत संगणकाच्या पडद्यावर ठळक दिसतो. महाराष्ट्रातील कित्येक गावांत महायुद्धाच्या स्मृतिशिला आहेत. त्यांवर गावातून किती गेले व किती परतले नाहीत एवढेच आकडे आहेत. माहितीकोश या विषमतेला जन्म देत नाही, पण ती विषमता नीटनेटक्या तक्त्यात मांडून तिला प्रामाण्य देतो, हा त्याच्यावरील मुख्य आक्षेप होय.

हा प्रश्न महायुद्धांपुरता मर्यादित नाही. गडचिरोलीत 1980 नंतर जो सशस्त्र संघर्ष चालला, त्याला शासनाने युद्ध म्हटले नाही. परिणामी 2019 मध्ये दिल्लीत उद्‌घाटन झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर येथील पोलिसांची नावे नाहीत. ती नावे शोधावी लागतात 2018 च्या राष्ट्रीय पोलीस स्मारकावर. 1990 मध्ये स्थापन झालेल्या सी-60 पथकात जिल्ह्यातीलच तरुण, त्यांत अनेक आदिवासी, भरती झाले; 2009 या एकाच वर्षी मरकेगाव, हत्तीगोटा व लाहेरी येथे अनुक्रमे 15, 16 व 17 पोलीस मारले गेले. ‘लष्करी हानी’ या शीर्षकाखाली शोध घेणाऱ्याला यांतील एकही नाव दिसणार नाही.

या संघर्षासाठी अभ्यासक प्रायः दक्षिण आशिया दहशतवाद पोर्टलचा आधार घेतात. वृत्तपत्रीय बातम्यांवरून संकलित झालेली ही माहिती तात्पुरती असल्याचे ते संकेतस्थळच सांगते. प्रबंधांतून मात्र ही सूचना हमखास गळते. बातमी दिवसागणिक बदलते. 22 एप्रिल 2018 च्या कसनासूर–बोरिया चकमकीत प्रारंभी 16 माओवादी मारले गेल्याचे वृत्त आले. पुढे इंद्रावती नदीत सापडलेले मृतदेह आणि दुसऱ्या दिवशीच्या राजाराम खांदला येथील चकमकीतील मृत मिळून हा आकडा 40 वर गेला. आता 40 हा आकडा एका घटनेचा मानावा की दोन घटनांचा, आणि 16 ची नोंद त्यात मिळवावी की वगळावी, हे न ठरविता केलेली बेरीज निरर्थक ठरते. मृतांपैकी काही तरुण माओवादी नव्हते, असे गट्टेपल्लीच्या कुटुंबांचे म्हणणे तेव्हा प्रसिद्ध झाले. पोलिसांची भूमिका निराळी होती. तक्त्यात मात्र रकाना एकच असतो, आणि कोणत्या बाजूचे वर्गीकरण त्यात उतरले हे तक्ता सांगत नाही.

गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील इतिहास, समाजशास्त्र व राज्यशास्त्र या विभागांनी तालुकावार नोंद हाती घ्यावयाची झाल्यास तीत मूळ नोंदीतील नाव जसेच्या तसे, तत्कालीन जिल्हा व आजचा जिल्हा असे दोन्ही, माहितीचा स्रोत आणि ती पाहिल्याचा दिनांक हे रकाने असावेच लागतील. शक्य तेथे नागपूरच्या पुराभिलेखागारातील कागद आणि गावातील वृद्धांच्या आठवणी यांच्याशी ती ताडून पाहावी लागेल. त्याखेरीज एक रकाना मृताच्या कामाचा हवा. 1 मे 2019 रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात 15 पोलिसांसह ज्या खासगी वाहनाने ते निघाले होते त्याचा चालकही ठार झाला. कोठे ही संख्या 16 पोलीस अशी येते, कोठे 15 पोलीस व एक नागरिक अशी, तर कोठे फक्त 15.