सावळी मरिया आणि आपली नजर

अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) या गोमंतकीय चित्रकाराचे नाव आपल्या धर्मग्रामांत फारसे घेतले जात नाही. सांतइस्तेव्ह गावी जन्मलेल्या या कलावंताने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे धडे घेतले आणि पवित्र मरियेला साडी नेसवून या मातीचा सावळा वर्ण दिला. तत्कालीन पोर्तुगीज गोव्याला ते रुचले नाही. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला व तेथे त्यांची कला बहरली. १९५१ साली विवाह झाल्यावर पत्नी आयव्ही यांचाच चेहरा त्यांच्या अनेक मरियाचित्रांत उतरला. या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जतन केलेला आहे.

मरिया गालीलातील नाझरेथची यहुदी कन्या होती. तिला गौरवर्ण दिला तो युरोपच्या चित्रकारांनी, आपापल्या आयाबहिणींकडे पाहून. ते भक्तीचे ठरले, मग फोन्सेकांचे तसेच पाहणे उद्धटपणाचे कसे ठरते? आमच्या मते, पावित्र्य आणि गोरेपणा यांची गाठ आपल्या मनात पक्की बसली आहे. म्हणूनच 'गीतरत्न' या पुस्तकातील वधू आपला काळा वर्ण अभिमानाने सांगत असली, तरी लग्नाच्या बोलणीत आपण 'गोरी, सडपातळ' मुलगीच शोधतो. त्या दोन शब्दांनी किती गुणी मुली मनातून खचतात, याचा हिशेब कोण ठेवतो?

फोन्सेकांच्या कलेची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्यांची रेषा बंगाल शैलीची, हळुवार आणि नाजूक. त्यांनी वर्ण आपला घेतला. परंतु ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून पहाटेची लोकल गाठणाऱ्या, बाळंतपणांनी आणि वयाने भरलेल्या देहाच्या आपल्या माउल्या त्या चित्रांत दिसत नाहीत. कोलंबियाचे फर्नांदो बोतेरो (१९३२–२०२३) यांनी भरदार देहांना चित्रकलेत मानाचे स्थान दिले, तरी त्यांत मिस्किलपणाची छटा अनेकदा राहिली. आज संगणकावर चित्रे काढणारे काही कृष्णवर्णीय कलावंत स्थूल, काळ्या स्त्रिया नटलेल्या, निःसंकोच आणि प्रसन्न अशा रंगवतात. तेथे थट्टा नाही, दयाही नाही. फोन्सेकांनी वर्णाला जो मान दिला, तोच येथे देहालाही लाभतो.

देवाने आपल्या प्रतिरूपात माणूस घडवला, असे आपण मुलांना शिकवतो. तेव्हा येत्या ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिनी, धर्मशिक्षणाच्या वर्गात फोन्सेकांचे एखादे चित्र दाखवावे आणि मग मुलांना स्वतः मरिया रंगवायला सांगावे. रंगपेटीतला कोणता खडू त्यांचे हात उचलतात, हे पालकांनी जवळ उभे राहून पाहावे.