घागरींतलें पाणी

जॉन लॉक याचा राज्यशासनाविषयींचा दुसरा प्रबंध १६८९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील मालमत्तेवरचें पांचवें प्रकरण आमच्या कॉलेजांतून पिढ्यानुपिढ्या शिकविलें जातें. पण तें पवनेच्या कांठीं बसून वाचणारा विरळा. मनुष्य आपल्या देहाचा व श्रमाचा धनी, म्हणून श्रम जींत मिसळला त्या वस्तूचाहि धनी, अशी ही विचारसरणी. झऱ्याचें पाणी सर्वांचें, पण घागरींतलें भरणाऱ्याचें, असा दाखला लॉक देतो. वाचकाला तो निर्विवाद वाटतो.

आतां पवना धरणाकडे पाहावें. धरणांतून सोडलेलें पाणी नदीपात्रानें रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतें आणि तेथून पिंपरी-चिंचवडसाठीं उचललें जातें. वाटेंत कांठचा शेतकरीहि पंप लावतो. हेंच पाणी बंद नळांतून थेट शहरास न्यावें, ही महापालिकेची योजना. नदी हा झरा, नळ ही घागर! ९ ऑगस्ट २०११ रोजीं या योजनेविरुद्ध मावळांतील शेतकरी पुणें-मुंबई द्रुतगति मार्गावर बऊर गांवानजीक जमले. पोलिसांच्या गोळीबारांत तिघांचे प्राण गेले. त्यांत एक स्त्री होती.

घागरीच्या आकाराविषयीं लॉक अगदींच बेफिकीर नाहीं. इतरांसाठीं पुरेसें आणि तितकेंच चांगलें उरलें पाहिजे, अशी अट त्यानें घातली आहे. मात्र पैशाचा प्रवेश होतांच ती त्याच्या हातून निसटते. शिवाय त्याच प्रकरणांत चाकरानें कापलेली हरळीची ढेप तो खुशाल मालकाची मानतो. श्रम एकाचे, धनीपण दुसऱ्याचें! चाकणच्या एखाद्या कंत्राटी कामगारानें हें वाचलें, तर हा तत्त्वज्ञ त्याला फार ओळखीचा वाटेल.

आमच्या १९४८ च्या कूळकायद्याची बाजू उलट. पुढें त्यांतील दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ हा कसणाऱ्या कुळास मालक मानण्याचा दिवस ठरला. लॉकचें तत्त्व लॉकहून प्रामाणिकपणें पाळलें गेलें तें येथें. त्यानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम ३०० अ मध्यें ठेवला. बड्या जमीनदाराची ढाल काढून घेण्याचा हेतु समजण्यासारखा आहे. पण ढाल गेली ती दोन एकरवाल्याचीहि, आणि १८९४ चा भूसंपादन कायदा मात्र २०१३ चा नवा कायदा होईपर्यंत जागेवरच राहिला.

जीवित, स्वातंत्र्य आणि वित्त या तिहींना लॉक मिळून एकच नांव देतो. टीकाकारांस हें शैथिल्य वाटतें. मला तें त्याच्या ग्रंथांतील सर्वांत विचारपूर्वक केलेलें काम वाटतें. आमच्या घटनेंत जीवित कलम २१ मध्यें आहे, वित्त ३०० अ मध्यें. बऊरच्या रस्त्यावर आलेल्यांना हीं दोन कलमें निराळीं दिसलीं नव्हतीं.