लाल मणी आणि न चुकणारे तपासनीस

डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांचे ‘आउट ऑफ द क्रायसिस’ हे पुस्तक १९८६ साली निघाले. ते कारखानदारांसाठी आहे. पण त्यातला मण्यांचा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे आणि आम्ही तो केलाही. मण्यांच्या ढिगात दर पाचांत एक लाल, बाकी पांढरे. ५० खळगे असलेली फळी ढिगात बुडवून काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे सदोष. दोन तपासनीस एकमेकांशी न बोलता लाल मणी मोजतात, मुख्य तपासनीस आकडे ताडून पाहतो. कमी लाल आणणाऱ्याला शाबासकी, जास्त आणणाऱ्याला बोलणी.

हिशेबाने सरासरी १० लाल यायला हवेत. एकाला ६ आणि दुसऱ्याला १४ आले, तरी तो निव्वळ योगायोग. नियंत्रण आलेखाप्रमाणे २ ते १८ मधला कोणताही आकडा कामगाराविषयी काहीच सांगत नाही. लाल मणी ढिगातच आहेत; तपासणी कितीही कडक केली तरी ते कमी होत नाहीत. हे फळ्यावर सांगून जेवढे पटत नाही, तेवढे विनाकारण बोलणी खाणाऱ्या मुलाला चटकन पटते.

आमची तक्रार पुढे आहे. या खेळातले तपासनीस सहसा चुकत नाहीत, कारण लाल मणी लालच दिसतो. खऱ्या कारखान्यात ओरखडा किती खोल असला की माल नाकारायचा, इथूनच वाद सुरू होतो. वर्तमानपत्राचा एक रकाना देऊन मुलांना त्यातले ‘र’ मोजायला सांगा. रफार धरायचा का, हा प्रश्न लगेच येईल. तो मिटवला तरी सगळ्यांची उत्तरे जुळतील असे समजू नका, नजर थकते. मग दोन तपासनीस नेमावेत? प्रत्येकाने स्वतंत्रपणे ८० टक्के दोष पकडले, तर कागदावर फक्त ४ टक्के निसटतात. प्रत्यक्षात पहिला दुसऱ्यावर विसंबतो आणि दुसरा पहिल्यावर. जबाबदारी वाटली की ती कोणाचीच राहत नाही, हे डेमिंग स्वतःच लिहितात. खेळात मात्र ते उतरलेले नाही.

‘तपासणीवर विसंबू नका’ या त्यांच्या वाक्याचा अर्थ ‘तपासणी बंद करा’ असा घेतला जातो. त्याला पुस्तकाची मांडणीही जबाबदार आहे. तपासणी केव्हा करावी याचा साधा नियम थेट १५ व्या प्रकरणात सापडतो. एक नग तपासायला १ रुपया लागतो आणि सदोष नग पुढे गेल्यास ५० रुपयांचे नुकसान होते असे समजा. प्रक्रिया स्थिर असेल आणि सदोष माल २ टक्क्यांहून कमी असेल, तर काहीच तपासू नये. जास्त असेल, तर सगळा माल तपासावा. हे गणित नववीच्या मुलालाही जमेल. ते पुढच्या पानांत हवे होते.

प्रयोग करणाऱ्या शिक्षकांसाठी एक सूचना. मण्यांऐवजी राजमा आणि छोले घेऊ नका. आकार वेगळा असल्याने खळग्यांत दोन्ही सारख्या प्रमाणात बसत नाहीत. आमची पहिली फेरी त्यामुळेच वाया गेली.