कागदाएवढी फट

गिटार ऐकायला गिटारच्या दुकानासारखी वाईट जागा नाही. एका कोपऱ्यात कुणीतरी कीबोर्ड बडवत असतं, दुसऱ्या कोपऱ्यात दोन कॉलेजकुमार एकच गाणं दोन वेगळ्या पट्ट्यांत वाजवत असतात, आणि दुकानातला मुलगा भिंतीवरची हाताला येईल ती गिटार काढून अशी छेडतो की आईबाप तिथल्या तिथे पाकीट उघडतात. त्यांनी ऐकलेला असतो त्या मुलाचा हात. घरी येते ती नुसती गिटार.

दिल्लीतल्या द्वारकेत (कृष्णाची नव्हे, मेट्रोच्या ब्लू लाइनवरची, सेक्टरांच्या आकड्यांची) परीक्षा संपल्या की घरोघरी गिटारचा हट्ट सुरू होतो. बरेचजण ऑनलाइन मागवून मोकळे होतात. तीन-चार हजारांत गिटार, पिशवी, पट्टा, कापो आणि मूठभर पिक्स असं सगळं एका खोक्यात येतं. जरा चोखंदळ असतात ते ब्लू लाइनने मंडी हाउसला उतरतात, व्हायोलेट लाइन पकडून दिल्ली गेट गाठतात आणि दर्यागंजला नेताजी सुभाष मार्गावरच्या वाद्यांच्या दुकानांत शिरतात. माझं मत या खटाटोपाच्या बाजूने आहे. गिटारचं खरं सौंदर्य फोटोत दिसत नाही, फार तर बोटांना कळतं.

आमच्या सोसायटीतली, प्रतीक कुहाडची गाणी गुणगुणणारी एक मुलगी तिथे काळ्या, चकचकीत, खांदा कापलेल्या गिटारपुढे थबकली. ‘काका, हीच!’ दिसायला ती देखणी होती, नाही म्हणवत नाही. पण हा कापलेला खांदा, म्हणजे कटअवे, बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पलीकडे बोटं नेता यावीत म्हणून असतो. नवशिक्याचं पहिलं वर्ष पहिल्या चार फ्रेटांत जातं. ज्या गल्लीत आपण फिरकणारच नाही तिच्यासाठी पोटातली थोडी हवा आणि वरच्या पाटाचा थोडा भाग देऊन टाकायचा, हा सौदा मला पटत नाही.

मग मी तिला गिटारच्या पोटात डोकावायला लावलं. मोबाइलचा टॉर्च साउंडहोलच्या कडेवर मारला की लाकूड आपली जात सांगतं. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या तर पाट अखंड लाकडाचा. मध्येच तुटून आडवे थर दिसले तर प्लाय, म्हणजे लॅमिनेट. जाणकार मंडळी प्लाय म्हटलं की नाक मुरडतात, आणि नादाच्या बाबतीत ते खोटं नाही. अखंड स्प्रूसचा पाट वर्षानुवर्षं वाजून खुलत जातो, प्लाय बहुतांशी आहे तिथेच राहतो. पण हे मत दिल्लीच्या हवेत तपासून पाहायला हवं. मे महिन्यात लू सुटते तेव्हा दुपारच्या हवेत ओल जवळजवळ उरत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा घामट होते. जानेवारीत खोलीत हीटर लावला की पुन्हा कोरडेपणा. अखंड लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. द्वारकेच्या चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली अशी गिटार उन्हाळ्यात तडकू शकते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते हे सगळं बऱ्यापैकी निमूट सोसतं. तेव्हा पहिली गिटार प्लायची असली तर इथे त्याला मी उणेपणा म्हणणार नाही.

उन्हाळ्यात गिटार पाहायला गेलात तर अंगठा मानेच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. कोरड्या हवेत मानेचं लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोकं कडेला बारीक दातांसारखी टोचू लागतात. चांगल्या कारागिराने ही टोकं कानस मारून गोल केलेली असतात. रंगाच्या झगमगाटापेक्षा त्या घासलेल्या टोकांवर मी जास्त भुलतो.

लाकडाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्या सह्याद्रीतला शिसव गिटारच्या दुनियेत मोठा मानाचा आहे. ब्राझीलचा रोझवूड मिळेनासा झाल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९च्या सुमारास भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला, आणि आज बऱ्याच उंची गिटारींच्या पाठी त्याच्या असतात. स्वस्त गिटारीवर ‘रोझवूड’ लिहिलेलं दिसलं तर मात्र हुरळून जाऊ नये. कधी तो पातळ पापुद्रा असतो, कधी नुसता रंग.

आता मुख्य जागा. मानेच्या टोकाला, तारा खुंट्यांकडे वळण्याआधी ज्या खाचांत बसतात ती पट्टी म्हणजे नट. एखादी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर डोळा लावा. तार आणि फ्रेट यांच्यात कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी. स्वस्त गिटारींत ही फट हमखास जास्त असते, कारण खाचा एकेक करून घासायला वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात. परिणाम काय होतो? पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती ताणली जाते आणि स्वर चढतो. ट्यूनर म्हणतो सहाही तारा सुरात, आणि सी कॉर्ड धरला की बेसूर. एफचा आडवा कॉर्ड तर लागतच नाही. शिकणाऱ्याला वाटतं आपला कान कच्चा, आपली बोटं जाड. दोन महिन्यांनी गिटार कपाटावर जाते, आणि दोष बिचाऱ्या बोटांच्या नावावर राहतो.

तंबोरा ऐकून वाढलेल्या मराठी कानाला हे समजावून सांगावं लागू नये. घोडीवर सुताचा धागा केसभर इकडचा तिकडे झाला तर जवारी येते किंवा जाते, हे मिरजेच्या कारागिरांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं आहे. गिटारच्या दुकानात मात्र तोच कान घरी ठेवून आपण रंग निवडत बसतो.

दुसरी परीक्षा मला मनापासून आवडते, कारण ती परीक्षा कमी आणि मैफल जास्त वाटते. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवायचं, छेडायचं आणि लगेच उचलायचं. घंटेसारखा निर्मळ स्वर निघतो, मोकळ्या तारेच्या नेमका एक सप्तक वर. मग त्याच जागी तार दाबून वाजवायची. दोन्ही स्वर जुळले तर गिटार सच्ची. दाबलेला चढा लागला तर तारा फार उंच आहेत किंवा ब्रिजचं, म्हणजे गिटारच्या घोडीचं, गणित चुकलं आहे. दुकानातल्या कोलाहलातसुद्धा हा फरक ऐकू येतो.

त्या दिवशी शेवटी दोन गिटारी मांडीवर आल्या. यामाहाची एफ-३१० स्टीलच्या तारांची: तारेची लांबी ६३४ मिलिमीटर, नटची रुंदी ४३. आवाज मोकळा, उजळ. खर्जात थोडी उथळ, पण स्ट्रमिंगला लगेच हुंकार देणारी. यामाहाचीच सी-४० नायलॉनची: ६५० आणि ५२. तारा मऊ, त्यांचा ताण स्टीलच्या जवळपास निम्मा, म्हणून बोटांना कमी रडवणारी. पण मान रुंद, लहान पंजाला कॉर्ड धरताना दमवणारी. नायलॉनचा स्वर गोल असतो, एकेक तार छेडली तर फार गोड, आणि जोराने स्ट्रम केलं तर मुका. नवशिक्यांना सरसकट नायलॉन द्यावं, असं सांगणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. ज्या गाण्यांसाठी जीव तुटतो त्यांचा आवाज स्टीलचा असेल, तर बोटांची आग पोरं आनंदाने सोसतात. त्या मुलीने एफ-३१० तीनदा खाली ठेवली आणि तीनदा उचलली.

नटची फट तिच्यातही हवी त्याहून किंचित जास्तच होती. दुकानदाराने आधी ‘सब ठीक है जी’ केलं, मग कानस काढली आणि बऱ्याच वेळाने दोन खाचा उतरवून दिल्या. वर बारीक, १०च्या गेजच्या तारा चढवून घेतल्या, तेवढाच हलका हात. पावसाळा सरल्यावर एकदा सेटअप पुन्हा पाहावा लागेल, हे तिच्या आईला सांगून ठेवलं आहे. आणि काळी, खांदा कापलेलीच हवी असा ज्यांचा हट्ट आहे, त्यांनी ती खुशाल घ्यावी. फक्त खाचा घासून मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.