तात्यांचा काटा

आमच्या श्रीवर्धनचे तात्या सुपारी घेताना नि विकताना एकच काटा वापरतात. (असं तेच सांगतात.) क्रिकेटमध्ये मात्र माणूस बदलला की काटा बदलतो! तेंडुलकरच्या धावा मोजायच्या, १५,९२१. गावसकरचं हेल्मेट नसणं मोजायचं. आणि विजय मर्चंट? "दहाच तर कसोट्या! त्यात पाटा खेळपट्ट्या!"

अहो, मध्ये महायुद्ध झालं, तो काय मर्चंटांचा खाडा? बँकेत आम्ही पडून राहिलेल्या खात्यालाही शिल्लक दाखवतो. प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी ७१.६४, त्याच काळात, तशाच खेळपट्ट्यांवर हजाऱ्यांची ५८.३८. फरक तेराचा. हाच हिशेब गावसकर-विश्वनाथांना लावला तर साडेदहाचा.

म्हणजे माझा गावसकर खाली! दोनदा बेरीज तपासली. तात्यांना अजून सांगितलेलं नाही.