बटणाची मालकी कोणाची?

खालापूर तालुक्यातील खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईला वीज जाऊ लागली. कर्जतजवळचे भिवपुरीचे केंद्र १९२२ साली सुरू झाले. आज याच दोन तालुक्यांत मुंबईकरांची फार्महाऊस आहेत आणि त्यांतल्या काहींत ‘स्मार्ट’ बटणे आली आहेत. मालक मोबाइलवर बोट टेकवतो, ती आज्ञा इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते, तिथून पुन्हा कर्जतला येते आणि मग अंगणातला दिवा लागतो. उद्या कंपनीने तो संगणकच बंद केला तर? अमेरिकेत मे २०१६ मध्ये ‘रिव्हॉल्व्ह’ या घरगुती यंत्राबाबत नेमके हेच झाले. यंत्रे धडधाकट होती, पण मालकांना ती निरुपयोगी झाली.

अशा बटणात एक छोटा संगणकच असतो. त्याच्या स्मृतीत कायम बसवलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. ती पुसून दुसरी बसवली की यंत्र कंपनीच्या संगणकावाचून चालू शकते. नेदरलँड्समधील थिओ अरेंड्स यांनी सुरू केलेली ‘टास्मोटा’ ही अशीच एक आज्ञावली. २०१४ साली आलेल्या ईएसपी ८२६६ या स्वस्त चिपमुळे ती जगभर पसरली. विज्ञानशिक्षकाने ती स्वीकारावी का, हे येथे तपासायचे आहे.

तिचा पहिला गुण म्हणजे उघडेपणा. संपूर्ण आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते. ‘पेटीच्या आत काय आहे?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला इथे उत्तर मिळते. दुसरा गुण मोजमापाचा. वीज मोजणाऱ्या प्लगला साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून त्याचे माप जुळवून घ्यावे लागते. कोणतेही मोजमाप प्रमाणाशी ताडून पाहिल्याशिवाय विश्वासार्ह नसते, हा धडा त्यातून आपोआप मिळतो.

आता उणिवा. सूचनापुस्तिका इंग्रजीत आहे आणि बरीचशी पाककृतीसारखी आहे: अमुक तार तमुक ठिकाणी लावा. का लावायची, हे क्वचितच सांगितले आहे. मूळ आज्ञावलीची प्रत काढून ठेवणे ही पायरी तिने ऐच्छिक मानली आहे. माझ्या मते ती सक्तीची हवी. परतीची वाट राखल्याशिवाय प्रयोग सुरू करू नये.

यापेक्षा गंभीर उणीव आपल्या भागातच जाणवेल. अडचणीत सापडलेले यंत्र सावरता यावे म्हणून टास्मोटात एक सोय आहे. यंत्र दहा सेकंदांपेक्षा कमी अंतराने सहा वेळा बंद-चालू केले आणि सातव्यांदा चालू ठेवले, की सर्व मांडणी पुसून ते कोरे होते. जिथे वीज स्थिर असते तिथे ही सोय उत्तम. पण वळवाच्या वादळात लाइट भराभर ये-जा करू लागली, तर ते काम माणसाच्या ऐवजी वीजच करील! ही सोय बंद करता येते. पण मूळ मांडणीत ती चालू असते.

घड्याळाचेही तसेच. ईएसपी ८२६६ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की वेळ विसरली जाते आणि ती पुन्हा मिळवायला सहसा इंटरनेट लागते. ठरल्या वेळी दिवा लावण्याचे काम तोवर अडून राहते. म्हणजे हे स्वातंत्र्य खरे असले तरी पूर्ण नाही. शिवाय यंत्राच्या पानाला पासवर्ड आपण स्वतः घालावा लागतो. कंपनीचे कुलूप काढले आणि आपले लावले नाही, तर दार उघडेच राहील.

एक धोका मात्र पुस्तिकेने ठळकपणे सांगितला आहे आणि तो शिक्षकाने फळ्यावर लिहावा: आज्ञावली भरताना यंत्र घरच्या विजेला कधीही जोडू नये. चिप ३.३ व्होल्टवर चालते. परंतु अनेक यंत्रांत तिच्या आणि २३० व्होल्टच्या मध्ये विद्युतरोधक अंतर नसते. चिपच्या ‘शून्य’ तारेवरही घरच्या विजेचा दाब असू शकतो. तिला जोडलेला संगणक जळेल, आणि हात लागला तर जीवही जाईल. म्हणून शाळेत विजेचे बटण उघडूच नये. हीच चिप बसवलेला सुटा बोर्ड मिळतो, तो संगणकाच्या यूएसबीतून मिळणाऱ्या ५ व्होल्टवर चालतो. त्यावर एक एलईडी लावून हा सारा प्रयोग निर्धोकपणे करता येतो.

एकंदरीत टास्मोटा हे चांगले साधन आहे, पण तयार पाठ्यपुस्तक नव्हे. त्यातील प्रत्येक सूचनेला ‘का?’ विचारण्याचे काम शिक्षकालाच करावे लागेल. ते न करता नुसती आज्ञावली बदलली, तर एका परक्याऐवजी दुसऱ्या परक्यावर विसंबणे एवढाच फरक पडेल. बटणाची खरी मालकी ते कसे चालते हे समजण्यात आहे.